पावसाळी मार्गारेट रिव्हर: आधी गुहा, मग द्राक्षमळे

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पर्थमधल्या आपल्या मंडळींना विचारलंत तर बहुतेक जण सांगतील, मार्गारेट रिव्हरला उन्हाळ्यात जा, जून-जुलैत, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, तिकडे नुसता पाऊस असतो. माझं मत नेमकं उलट आहे. पावसातलं मार्गारेट रिव्हर मला उन्हाळ्यातल्यापेक्षा जास्त आवडतं. यंदा जुलैच्या सुट्टीत सासू-सासऱ्यांना घेऊन तिथे राहून आले आणि ते मत आणखी पक्कं झालं. म्हणून हे सविस्तर लिहितेय, खास करून ज्यांच्या घरी भारतातून आई-वडील आलेत आणि ‘वाईनच्या गावाला त्यांना काय दाखवायचं’ असा प्रश्न पडलाय त्यांच्यासाठी.

आमची मंडळी अशी: बाबा, म्हणजे माझे सासरे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, गुडघे दुखरे. आई, म्हणजे सासूबाई, तासगावच्या, माहेरी द्राक्षबाग, पूर्ण शाकाहारी. दोघंही दारूला न शिवणारे. नवऱ्याला वाईनची आवड. मुलगी सहावीत. आणि मी, शाळेत रसायनशास्त्र शिकवणारी, माहेर चिपळूण, त्यामुळे पावसाला बिचकणारी नाही.

पर्थहून दक्षिणेला साधारण २७० किलोमीटर, तीन तासांचा रस्ता. इथला पाऊस आपल्यासारखा संततधार नसतो. हिंदी महासागरावरून ढगांची फळी येते, अर्धा-पाऊण तास वाऱ्यासकट आडवा झोडपते, मग ऊन, मग पुढची फळी. वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटरच्या पुढे आणि त्यातला बहुतेक मे ते सप्टेंबरमध्ये. इथल्या मूळ नुंगार लोकांच्या सहा ऋतूंपैकी जून-जुलैच्या ऋतूला मकुरू म्हणतात. थंडीचा आणि पावसाचा हाच मुख्य काळ. वाऱ्यात छत्री टिकत नाही. टोपीचे रेनकोट आणि पकड असलेले बूट घ्या, निम्मी काळजी मिटते.

आता गुहा. पावसाळी दिवसाचं पहिलं तिकीट गुहांचंच काढा, आणि त्यातही एकच बघायची असेल तर लेक केव्ह. गावापासून पंधरा-वीस मिनिटांवर, केव्हज रोडला लागून. आत जायला आधी एका प्रचंड खड्ड्यात उतरावं लागतं. कधीकाळी छत कोसळून झालेला हा खड्डा, आणि त्याच्या तळातून कॅरीची, म्हणजे इथल्या उंच निलगिरीची, झाडं सरळ वर, जमिनीच्या पातळीच्याही कितीतरी वर गेलेली. सुमारे ३५० पायऱ्या आहेत. उतरताना अंगावर नेच्यांचं पाणी ठिबकत असतं, मग वाकून एका फटीतून आत शिरलं की वारा एकदम बंद. आत थंडी वाजेल असं आईंना वाटत होतं. पण गुहेचं तापमान वर्षभर जवळपास तेच राहतं, त्यामुळे जुलैत बाहेरून आत गेल्यावर उबदार वाटतं.

गुहा मोठी नाही. एकच दालन, पांढरंशुभ्र, आणि खाली उथळ, नितळ तळं. त्या तळ्यावर ‘सस्पेंडेड टेबल’ नावाचं जे आहे ते बघायला मी पुन्हा पुन्हा जायला तयार आहे. छतापासून खाली आलेले दोन जाड स्तंभ, त्यांच्या तळाशी चुनखडीचा रुंद थर, आणि हे सगळं, कित्येक टन वजनाचं, पाण्याच्या वर अधांतरी लटकलेलं. पूर्वी त्याच्याखाली गाळाची जमीन होती. स्तंभ वाढत वाढत तिच्यावर टेकले, पसरले. मग प्रवाहाने खालचा गाळ वाहून नेला आणि थर तसाच वर राहिला.

हे कसं होतं ते मुलीला समजावायला मला शाळेतल्या चुन्याच्या निवळीचा आधार घेता आला. निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळ होते, हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण फुंकतच राहिलं तर ती पुन्हा स्वच्छ होते, हा प्रयोगाचा दुसरा भाग पुष्कळदा शाळेत करून दाखवत नाहीत. जादा कार्बन डायऑक्साइडमुळे अविद्राव्य कार्बोनेटचं विद्राव्य बायकार्बोनेट होतं. गुहेच्या वरची माती हेच करते. पावसाचं पाणी मुळांच्या थरातून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेतं, चुनखडक विरघळवत खाली येतं, आणि गुहेच्या मोकळ्या हवेत तो वायू सोडून दिला की चुना पुन्हा बाहेर पडतो. थेंबाथेंबाने छतावर अधोमुखी, जमिनीवर ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ तयार होतात. मुलीने तिथेच विचारलं, “म्हणजे हे सगळं पावसाने केलं?” हो, सगळं. आणि मूळ खडक कुठून आला? समुद्रातल्या शंख-शिंपल्यांची भुकटी झालेली वाळू वाऱ्याने उडून टेकड्या झाल्या आणि त्याच घट्ट झाल्या. केप नॅचरलिस्ट या भूशिरापासून केप लुविन भूशिरापर्यंतच्या या डोंगरधारेखाली अशा शंभराहून जास्त गुहा आहेत. लोकांसाठी खुल्या आहेत त्या मोजक्याच.

लेक केव्हला गाईड असतो, फेरी तासाभराची. आमची गाईड तरुण मुलगी होती. तिने घाई केली नाही, मुलांचे प्रश्न टाळले नाहीत, आणि शेवटी दिवे घालवून काही क्षण सगळ्यांना गप्प उभं केलं. पाण्याच्या पातळीबद्दल तिने जे सांगितलं ते वर येऊन मी बाबांना सांगितलं, कारण ते पायऱ्यांमुळे वरच थांबले होते. या भागातला एप्रिल ते ऑक्टोबरचा पाऊस १९७० पासून सुमारे १६ टक्क्यांनी घटलाय. ऑगस्टाजवळच्या ज्युवेल केव्हमध्ये एके काळी पाणी होतं, आज नाही. लोकांसाठी खुल्या गुहांपैकी बारमाही तळं उरलंय ते लेक केव्हमध्येच. बाबांनी आयुष्यभर धरणांच्या पातळ्या मोजल्या. त्यांनी एवढंच विचारलं, “भूजलाची नोंद ठेवतात ना हे लोक?” ठेवतात. पण ज्या पावसाला आपण ‘ट्रिप बिघडली’ म्हणतो, त्याच्या वाटेकडे ही जागा डोळे लावून बसलीय, हे कळल्यावर खिडकीवर पाण्याचा मारा होत असतानाही मला त्रास वाटेनासा झाला.

बाबांसाठी दुसऱ्या दिवशी मॅमथ केव्ह. ज्येष्ठांसाठी ही सगळ्यात सोयीची. पहिलं मोठं दालन व्हीलचेअरनेसुद्धा बघता येतं, लाकडी वाट आहे, आणि कानाला ऑडिओ लावून आपल्या गतीने फिरता येतं. कोणी पुढे रेटत नाही. पुढे जायचं तर मात्र चढउतार आणि पायऱ्या आहेत, तेव्हा बाबा पहिल्या दालनातच रमले. हिवाळ्यात गुहेतून ओढा वाहतो, म्हणजे ही गुहा जिवंत बघायची तर पावसातच. भिंतीत झायगोमॅट्युरस नावाच्या नामशेष प्राण्याचा जबडा रुतलेला दिसतो, पस्तीस हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा. बैलाएवढा, पोटाशी पिशवी असलेला प्राणी. मुलगी त्या जबड्यापुढून हलेना.

ज्युवेल केव्ह सगळ्यात भव्य. आत ५.४ मीटर लांबीचा, काडीएवढा बारीक, आतून पोकळ लवणस्तंभ आहे. पण तिथेही पायऱ्या भरपूर, आणि लेक केव्ह पाहिल्यावर लगेच तिथे गेलात तर डोळे थकतात. मध्ये एक दिवस जाऊ द्या. गुहांचं एकत्रित तिकीट मिळतं, ते परवडतं. वेळा मात्र आधी ऑनलाइन ठरवा. पाऊस लागला की अख्खं गाव एकाच वेळी गुहांकडे वळतं.

आता वाईनरी. न पिणाऱ्या माणसांना तिथे नेऊ नये असं मलाही कोणी सांगितलं असतं तर मी मान डोलावली असती, पण आईंनी तो भाग सगळ्यात जास्त अनुभवला. जुलैत वेली उघड्या असतात, एक पान नसतं, आणि रेनकोट घातलेले मजूर छाटणी करत असतात. एका छोट्या घरगुती वाईनरीत आम्ही काउंटरशी उभे असताना आई खिडकीतून एकटक बाहेर बघत होत्या. मग मला म्हणाल्या, “ही खरड छाटणी की गोडी?” मी तो प्रश्न इंग्रजीत कसाबसा पुढे केला. काउंटरवरची बाई स्वतः मळ्याची मालकीण निघाली. पाऊस ओसरल्यावर ती आईंना घेऊन थेट ओळीत गेली. तासगावात वर्षातून दोनदा छाटणी, एप्रिलमध्ये खरड आणि पावसाळा सरताना गोडी, म्हणजे फळछाटणी, कारण आपल्याकडे वेल झोपतच नाही. इथे थंडीत वेल झोपते आणि छाटणी एकदाच. आईंनी ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवर, हात ठेवून किती डोळे राखले ते मोजलं. मी मध्ये दुभाषी, पण निम्मं बोलणं बोटांनीच झालं.

त्या ओळीत आईंनी आणखी एक गोष्ट विचारली: एवढ्या पावसात डावण्या (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) नाही येत? तिथेच या प्रदेशाची सगळी मेख आहे. १९६५-६६ मध्ये डॉ. जॉन ग्लॅडस्टोन्स या शेतीशास्त्रज्ञाने इथल्या हवामानाचा अभ्यास मांडला तेव्हा त्याचा मुद्दा हाच होता. पाऊस हिवाळ्यात, वेल झोपलेली असताना पडून जातो. फळ भरतं आणि पिकतं तो काळ कोरडा, आणि तिन्ही बाजूंच्या समुद्रामुळे फार तापत नाही. तोडणी फेब्रुवारी ते एप्रिल. म्हणजे पाऊस आणि घड यांची सहसा गाठच पडत नाही. आईंच्या माहेरी अवकाळीने हातातोंडाशी आलेला माल गेलेला त्यांनी पाहिलाय, मण्यांना तडे गेलेले पाहिलेत. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “वेळेवर पडतो हो इथला पाऊस.”

आणि शॉट बेरी! आपल्याकडे घडात बारीक मणी राहिले की माल दुय्यम धरतात, व्यापारी भाव पाडतो. इथल्या शार्डनेचा, म्हणजे पांढऱ्या वाईनच्या द्राक्षाचा, जो मुख्य वाण आहे, जिनजिन क्लोन, त्याच्या एकाच घडात मोठे आणि अगदी बारीक मणी एकत्र असतात, आणि वाईनच्या चवीसाठी ते बारीक मणीच नावाजले जातात. मालकिणीने फोनवर उन्हाळ्यातल्या घडाचा फोटो दाखवला तेव्हा आईंनी दोनदा खात्री करून घेतली की हा चांगला माल म्हणून दाखवतेय.

मोठ्या नावांपैकी दोन जागा पावसात आवर्जून बघाव्या, कारण तिथे चित्रं आहेत. लुविन इस्टेटच्या तळघरातल्या दालनात त्यांच्या ‘आर्ट सिरीज’च्या लेबलांसाठी ऑस्ट्रेलियन चित्रकारांकडून घेतलेली मूळ चित्रं लावलीत, शंभराहून जास्त. रिझलिंग वाईनच्या बाटलीवरचे जॉन ओल्सन यांचे बेडूक मुलीला इतके आवडले की तिने वहीत उतरवून घेतले. बाहेर पाऊस, हिरवळीमागे उंच कॅरी वृक्षांची रांग, आणि आत कोणी ‘काय घेणार’ म्हणून मागे लागत नाही. वॅस फेलिक्स ही इथली सगळ्यात जुनी, १९६७ सालची. टॉम कलिटी या पर्थच्या हृदयरोगतज्ज्ञाने लावलेला मळा. सुरुवातीच्या पिकावर सिल्व्हरआय पक्ष्यांनी, म्हणजे आपल्या चष्मेवाल्याच्या भाऊबंदांनी, ताव मारला, म्हणून त्यांना हुसकायला त्याने बहिरी ससाणा आणला. सोडल्याबरोबर ससाणा उडून गेला, परत आलाच नाही. तो आज त्यांच्या लेबलवर आहे. तिथेही कलादालन आहे आणि इमारत दगड-लाकडाची, उबदार.

एका मोठ्या वाईनरीचा अनुभव मात्र वाईट. पावसामुळे गर्दी झाली होती हे मान्य, पण चव घेणार नाही म्हटल्यावर आई-बाबांना बसायलाही जागा दिली नाही. रिकाम्या खुर्च्या ‘टेस्टिंगवाल्यांसाठी’ होत्या. दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाला भिंतीशी उभं ठेवणारी जागा कितीही नावाजलेली असो, मी शिफारस करणार नाही. फोन करून आधी विचारा: सोबत न पिणारे ज्येष्ठ आहेत, बसता येईल का? चांगल्या जागी उत्तर लगेच ‘हो’ येतं. टेस्टिंगचे पैसे बऱ्याच ठिकाणी पडतात, काही ठिकाणी बाटली घेतली की वळते होतात. गाडी चालवणाऱ्याने घोट घेऊन थुंकायच्या भांड्याचा वापर करावा किंवा घेऊच नये. इथली रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०५ टक्के आहे आणि ओल्या केव्हज रोडवर संध्याकाळी कांगारू येतात. जुलैत साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. मी बाटली घरी आणली. इथली शार्डने आणि कॅबर्ने सोव्हिन्यॉन, दोन्हीसाठी नाव आहे, पण हिवाळ्यात शेकोटीपुढे मला कॅबर्नेच हवी.

चॉकलेट फॅक्टरी: मुलांसाठी ठीक. काचेतून बनताना दिसतं, चवीला चॉकलेटच्या टिकल्या फुकट. पावसाच्या दुपारी इतकी गर्दी की आम्ही लवकर निघालो. कौवारामप गावातल्या फायबरच्या गाई, ४२ आहेत म्हणे, गाडीतूनच मोजा. शाकाहारी जेवणाचं म्हणाल तर स्वयंपाकघर असलेलं घर घ्या. पिझ्झा, सूप, चीजची ताटली एवढ्यावर आपले ज्येष्ठ फार दिवस निघत नाहीत. चीज घेताना रेनेट (दूध गोठवायला वापरतात ते) प्राणिज आहे का ते विचारा. आम्ही लाकडाची शेकोटी असलेलं घर घेतलं होतं आणि रात्री मुगाची खिचडी.

बसल्टनची जेट्टी सगळे सुचवतील. १८६५ सालापासूनची, १,८४१ मीटर लांब, टोकाला पाण्याखाली आठ मीटर उतरून मासे बघायची सोय. जागा सुंदर आहे, पण पावसाळी दिवसाचा उपाय म्हणून तिची शिफारस मी करणार नाही. वादळी वाऱ्यात जेट्टीवरची गाडी बंद ठेवतात, आणि हिवाळ्यात पाणी गढूळ झालं की खाली फारसं दिसत नाही. ती शांत दिवसासाठी ठेवा.

त्याऐवजी ऑगस्टाला, दक्षिण टोकावर जा. केप लुविनचं दीपगृह १८९५-९६ मध्ये बांधलेलं, ३९ मीटर उंच. इथली मंडळी मानतात की हिंदी महासागर आणि दक्षिण महासागर इथे भेटतात. पावसात उभं राहवत नाही असा वारा असतो, तरी गाडीतून उतरून जवळच्या जुन्या पाणचक्कीपर्यंत तरी चालत जा. दीपगृह बांधणाऱ्यांना झऱ्याचं पाणी वर पोचवायला बसवलेलं हे लाकडी चाक. त्याच झऱ्याच्या पाण्यातला चुना त्यावर बसत गेला आणि आज ते चाक पूर्ण दगडात गोठलंय. गुहेत न उतरलेल्या बाबांना इथे उघड्यावर तीच रासायनिक क्रिया हात लावण्याइतक्या जवळून बघता आली. मी त्यांना निवळीचा दुसरा भाग सांगायला लागले तर म्हणाले, “अगं, कालव्याच्या गळतीवर असे पांढरे थर मी वर्षानुवर्षं बघितलेत.” मग तिथे उभं राहून त्यांनीच आम्हाला काँक्रीटमधून चुना कसा पाझरतो ते सांगितलं. रेनकोटातून पाणी गळत होतं, पण मुलगी ऐकत होती.

परतताना यॅलिंगपजवळची निल्गी केव्ह घेता येते, पर्थच्या वाटेवरच पडते. इथल्या मूळ वडांडी लोकांची कथा अशी की गुहेत वोल्गिन नावाचा दुष्ट आत्मा राहायचा आणि समुद्राकाठी निल्गी नावाचा चांगला. निल्गीने लाटा, वीज, पाऊस, मेघगर्जना आणि वारा यांच्या आत्म्यांना सोबत घेऊन वोल्गिनला गुहेतून हुसकावून लावलं. मुलांना ही कथा आत जाण्याआधी गाडीत सांगा. आतल्या काही जागा अरुंद आणि दमट आहेत, त्यामुळे आई-बाबांना आम्ही वर कॉफीवर बसवलं. कॉफी बरी होती, चहा पाणचट. थर्मासमध्ये आपला आल्याचा चहा भरून न्या.